पडद्यामागचा बांगडा

पडदा मी ओढला. तो मळका होता, त्यावर मोर होते, आणि त्याच्यामागे माझा सख्खा मोठा भाऊ बसलाय हे मला माहीत नव्हतं, या सगळ्या सबबी मी गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या क्रमाने सांगून पाहिल्या आहेत. कुणालाच पटल्या नाहीत. मलाही नाहीत. शिवाय पडदा ओढणं ही माझी धाकटी चूक. थोरली मी त्यानंतर काही दिवसांनी केली, आणि ती तर पूर्ण शुद्धीवर, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून केली.

मुंबईतली नोकरी सोडून मी रत्नागिरीला कायमचा परत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथल्या लोकांना आपल्या गावाचा इतिहास ठाऊक नाही. तो मलाही ठाऊक नव्हता, पण मला निदान त्याचं वाईट वाटत होतं. तेव्हा मी दर रविवारी सकाळी ‘वारसा फेरी’ काढायचं ठरवलं. किल्ला, देवळं, ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा. पहिल्या रविवारी दोन जण आले. त्यातला एक रस्ता चुकला होता. दुसऱ्या रविवारी माझी बायको आली, आणि तीही अर्ध्या वाटेत भाजीला वळली.

पुण्यातल्या भाचीला माझी दया आली. ती म्हणाली, “मामा, परदेशात जुन्या शहरांमधून पब वॉक असतात. गाईड एकेका पबमध्ये नेतो, तिथली जुनी गोष्ट सांगतो, लोक एकेक पेला घेतात नि पुढच्या पबला जातात.”

“आपल्याकडे पब कुठे आहेत?”

“परमिट रूम आहेत ना ढिगानं!”

“त्यात इतिहास काय असणार?”

“मामा, लोकांना इतिहास नको असतो. इतिहासाचं निमित्त हवं असतं.”

एवढं शहाणपण तिला पुण्यात मिळालं. मला जे कळायला हवं होतं ते मात्र इथं, रत्नागिरीतच पडलेलं होतं. पब आणि परमिट रूम यांत मोठा फरक आहे. पबमध्ये माणूस दिसायला जातो, परमिट रूममध्ये न दिसायला. आमच्याकडचा अब्रूदार माणूस तर गावात पीतच नाही. त्याला अचानक गाडीचे टायर दाखवायला लांब हायवेवर, हातखंब्याला जावं लागतं. काहींचे टायर दर शनिवारी बिघडतात. आणि नाइलाजाने गावातल्या बारमध्ये जावंच लागलं तर तिथला एक न लिहिलेला कायदा असतो, तो सगळे पाळतात: आत कुणी कुणाला ओळखत नाही. शेजारच्या टेबलावर साडू बसला असला तरी तो साडू बाहेर पडल्यावर. आत तो नुसता एक माणूस. माझ्या ओळखीच्या कुठल्याही कायद्यापेक्षा हा कायदा आमच्या जिल्ह्यात जास्त कसोशीने पाळला जातो. मी तो मोडला, तोही वारशाच्या नावाने.

पब वॉकला माणसं मात्र आली. पुण्यामुंबईची दहाबारा माणसं, टोप्या घालून, पाठीवर पाण्याच्या बाटल्या बांधून. बारमध्ये जाताना पाणी सोबत नेणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले. मी त्यांना संध्याकाळी राजवाड्यापाशी गोळा केलं आणि राजाची गोष्ट सांगितली. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला इथं आणून ठेवलं आणि तो इथंच वारला, एवढं खरं. तो रोज संध्याकाळी गच्चीत बसून समुद्राकडे पाहत आपल्या माडाच्या माडीचा पेला घ्यायचा आणि ब्रह्मदेशच्या आठवणीने रडायचा, हे मी घातलं. एका बाईंनी डोळे पुसले. मलाही भरून आलं. खोटं बोलल्यावर मला नेहमीच भरून येतं, त्यामुळे ते खरं वाटतं.

पहिल्या बारमध्ये मी दारूबंदीचा इतिहास सांगितला. पिण्यासाठी सरकारी परवाना लागायचा, म्हणून त्या खोलीचं नाव परमिट रूम. आणि कायद्याने तो परवाना आजही लागतो. हे ऐकून पुणेकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पटापट पेले संपवले. दुसऱ्या बारमध्ये बंदरावरचे खलाशी बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि एकजण मोठ्याने म्हणाला, “रेड पडली रे!” आणि दोघे मागच्या दाराने गेलेसुद्धा. मी पाहुण्यांना सांगितलं, हे इथलं लोकजीवन.

तिसरा बार सगळ्यात जुना. कौलारू, आत लाकडी फळ्यांचे आडोसे करून पाडलेल्या केबिनी, प्रत्येक केबिनीला पडदा, आणि बाहेर पाटी ‘फॅमिली रूम’. तिथं आजवर एकही फॅमिली बसलेली नाही. मालक माझ्या शाळेतला. आमची वरात पाहून तो गल्ल्यावरून उठला.

“अरे, काय ह्या?”

“वारसा फेरी. तुला सांगितलं होतं ना फोनवर.”

“तू म्हणालास चार माणसं घेऊन येतो. ही तर लग्नाची वरात. आणि गिऱ्हाईकाच्या अंगावर बॅटऱ्या कशाला मारतायत ही? बार हाय ह्यो, म्युझियम नाय.”

मी हसलो. त्या केबिनींच्या फळ्या फुटलेल्या गलबताच्या आहेत असं त्याचे आजोबा सांगायचे, आणि मला त्या फळ्या पाहुण्यांना दाखवायच्याच होत्या. मधल्या केबिनीत अंधार होता. शेवटच्या केबिनीत दिवा होता. मालक मागून काहीतरी ओरडला, पण तोवर मी हात वर करून, आवाज चढवून, “आणि हा पाहा, रत्नागिरीचा जिवंत वारसा!” असं म्हणून पडदा ओढला होता.

आत दादा बसला होता. समोर सोड्याची बाटली आणि ताटलीत तळलेला अख्खा बांगडा, अर्धा संपलेला. बोटं तेलकट. ओठांत काटा. दहाबारा टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमात आहे. एकाने व्हिडिओ काढला. दादाने ओठांतला काटा सावकाश काढला, ताटलीच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “पडदा लाव.”

मी लावला.

आता, माणूस बारमध्ये बांगडा खात होता, यात बोंब मारण्यासारखं काय, असं कोकणाबाहेरच्या माणसाला वाटेल. त्यासाठी वहिनीचं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी वहिनीच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. ती आत असताना दादा दवाखान्याच्या जिन्यात बसला आणि आमच्या सावर्ड्याच्या आतल्या गावच्या देवाला नवस बोलला: ही उठून घरी आली तर जन्मात मासे खाणार नाही. दुसरा कुणी असता तर सोन्याचा मुकुट बोलला असता, नाहीतर पायी चालत येईन म्हणाला असता. दादाला त्याच्याकडची सगळ्यात महाग वस्तू माहीत होती. वहिनी उठून घरी आली. आल्यावर तिला कुणीतरी ते सांगितलं, आणि तेव्हापासून ती स्वतःला दादाच्या न खाल्लेल्या माशांवर जगलेली बाई समजते. दर वर्षी तपासणीला जाताना ती गावाकडे तोंड करून हात जोडते. डॉक्टरकडे तोंड करून नाही.

पण डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकद यायला मासे खा. म्हणजे रोज दुपारी ती सुरमईची कढी भुरकायची आणि समोर दादा तुरीची आमटी नि पापड. तीन वर्षं त्याने ते केलं. मग त्याने बार शोधला. खानावळीत सगळे बघतात. बारमध्ये, तो कायदा होता म्हणून, कुणी बघत नाही. दारूचा थेंब न पिणारा माझा भाऊ आठवड्यातून एकदा दारूच्या गुत्त्यात लपून मासे खायचा. रत्नागिरीत याहून सुरक्षित जागा नव्हती, भाऊ गाईड होईपर्यंत.

व्हिडिओ चार दिवसांत घरोघरी गेला. त्यात दादाचं तोंड स्पष्ट होतं, बाटली स्पष्ट होती, ‘जिवंत वारसा’ हा माझा आवाज तर फारच स्पष्ट होता. बांगडा मात्र एका पुणेकराच्या टोपीआड गेला होता. त्यामुळे सगळ्यांनी काढायचा तोच अर्थ काढला: म्हातारपणी दारू लागली. वहिनीने विचारलं तेव्हा दादाने मान खाली घातली आणि म्हणाला, “व्हय. घेतो कधी कधी.”

दोन दिवस वहिनीने त्याला ताट वाढलं ते पाठ फिरवून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “घ्यायची तर घरात बसून घ्या. लोकांनी चित्रं काढण्यापेक्षा बरं. मी चणे भाजून देईन.”

म्हणजे प्रकरण मिटलं होतं. दादाला थोडी बदनामी, वहिनीला थोडा राग, मला थोडी शरम, सगळं ज्याच्या त्याच्या वाट्याला आलं होतं. कुठलाही साधारण स्वार्थी माणूस तिथं थांबला असता. पण मला सद्सद्विवेकबुद्धी आहे. माझ्यामुळे माझा निर्व्यसनी भाऊ दारुडा ठरला, या विचाराने मला जेवण जाईना. बायको म्हणाली, “तुम्ही आता काही करू नका म्हणजे झालं.” हा सल्ला मला आयुष्यात अनेकांनी दिला आहे. मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दादा बँकेत गेलेला असताना त्याच्या घरी गेलो.

वहिनी मागच्या पडवीत विळीवर बोंबील साफ करत होती.

“या भाऊजी. चहा टाकू?”

“नको. वहिनी, मला तुम्हाला एक खरं सांगायचंय. दादा दारू पीत नाही. एक थेंबही नाही.”

तिचं तोंड उजळलं. ते मी पाहिलं. तिथंही थांबता आलं असतं.

“मग तिथं काय करत होते?”

“तो तिथं फक्त मासे खातो,” मी म्हणालो. ‘फक्त’ हा शब्द मी वापरला.

विळीवरचा हात थांबला. मांजर जवळ येऊन बसलं होतं, त्याने एक बोंबील उचलून नेला तरी तिने पाहिलं नाही.

“कधीपासून?”

“दोनेक वर्षं झाली असतील. मालक म्हणत होता.”

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. मग म्हणाली, “म्हणून डॉक्टरांनी यंदा लवकर बोलावलंय.”

त्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, एक डाग दिसतोय, बहुतेक काही नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. हे मला ठाऊक नव्हतं. मला बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात, पण त्यामुळे माझं बोलणं कधी अडलं नाही.

“वहिनी, तसं नसतं हो. त्याचा नि याचा काय संबंध?”

“तुम्ही घरी जा आता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं की तपासणीला जाणार नाही. काय निघायचं ते आपल्याला कळलंय, त्यासाठी मुंबईपर्यंत हाडं कशाला खिळखिळी करायची. कपाटातल्या साड्या काढून कुठली कुणाला ते ठरवायला लागली. दादा माझ्याकडे आला तो चपला न काढता आत आला. असं तो आयुष्यात वागला नव्हता.

“तुला कुणी सांगितलं होतं मला सज्जन करायला?”

“दादा, तुझी बदनामी होत होती—”

“होऊ द्यायची होतीस! दारुडा झालो होतो, ते काय वाईट होतं? दारुड्याची बायको जगते. चार महिन्यांत लोक विसरले असते. तू तिला काय सांगून आलास, कळतंय का तुला? तू तिला मरायला सांगून आलास.”

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तो उभ्या उभ्याच परत गेला.

शेवटी दादाने ठरवलं, गावी जाऊन देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल घ्यायचा. वहिनी म्हणाली, येते, पण भाऊजींनी पण यायचं. मी गाडी काढली. दादा माझ्या शेजारी पुढे बसला. वाटेत मी एकदा सहज म्हणालो की या घाटातून जुना व्यापारी मार्ग जायचा. दादाने काच खाली केली.

देवळात गुरवाने पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. आमच्याकडची रीत अशी: देवाला प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरानं तुला शबूद दिला नि तो मोडला...”

“व्हय म्हाराजा,” दादा म्हणाला. मीही म्हणालो.

“ती चूक त्यानं तुझ्या पायाशी आणून घातलीय. ती तू पोटात घाल...”

“व्हय म्हाराजा.”

“नि ह्या माउलीवर काय इडापिडा आली असंल तर ती दूर कर...”

“व्हय म्हाराजा.” हे दादा इतक्या मोठ्याने म्हणाला की बाहेरचं कुत्रं उठलं.

गुरवाने विचारलं, दंड भरून नवस पुन्हा धरला तर देवाला चालेल का. पाकळी हलेना. डावीही नाही, उजवीही नाही. बराच वेळ गेला. दादाला घाम फुटला. गुरव म्हणाला, “देव बोलत नाय. दुसरं कायतरी विचारा.”

तेव्हा इतका वेळ खांबाला टेकून उभी असलेली वहिनी पुढे आली.

“मी विचारू?”

“विचारा की.”

“ह्यांचा नवस ह्यांना झेपत नाही, ते कळलं. भाऊ रक्ताचाच हाय. ह्यांच्या ठिकाणी जन्मभर भाऊजींनी मासे सोडले, तर देवाला चालेल का, विचारा.”

मी तोंड उघडायच्या आत उजवी पाकळी पडली. देव इतका वेळ कशाची वाट पाहत होता, ते कळलं. गुरव खूश झाला. दादा माझ्याकडे बघेना, पण त्याचे खांदे हलत होते, आणि तो रडत नव्हता.

“व्हय म्हण,” गुरव म्हणाला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी आमटी आणि पापडावर आहे. पब वॉक बंद केला, हे सांगायला नकोच. कुठल्याच बारवाल्याने पुन्हा मला दारात उभं केलं नसतं. दादा घरी, दिवसाढवळ्या, पंख्याखाली बसून मासे खातो. आणि वहिनी तपासणीला जायला तयार झाली. मला नवसात अडकवल्यामुळे आपला जीव सुरक्षित झाला, असं तिला वाटलं. हिशेब चुकता झाला, असं मला वाटलं. गुन्हा केला, शिक्षा भोगतोय, त्यामुळे माफी मागायचं राहिलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. किंवा आलं होतं, आणि शिक्षेच्या मागे लपणं मला बरं पडत होतं.

मुंबईला मीच गाडीने नेलं दोघांना. रिपोर्ट काय आला ते उगाच राखून ठेवत नाही: चांगला आला. तो डाग जुन्या ऑपरेशनचा व्रण होता. दादा दवाखान्याच्या आवारात एका अनोळखी वॉचमनच्या गळ्यात पडला. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे बडबडत होते, मीसुद्धा. घाटातल्या व्यापारी मार्गाचं मी पुन्हा सांगितलं आणि या वेळी कुणी काच खाली केली नाही.

सावर्ड्याला चहाला थांबलो. दादा समोरच्या दुकानात आंब्याच्या पेट्यांचा भाव करायला गेला. वहिनी आणि मी बाकावर. तिने माझ्यापुढे वडापावाची बशी सरकवली.

“खा. तुमचे फार हाल चाललेत,” ती म्हणाली आणि हसली.

ती हसली म्हणून खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला ती पडवीत बोटांवर मोजत असलेली दिसली. रिपोर्ट वाईट आला असता तर ही बाई मरेपर्यंत असं समजत राहिली असती की आपल्या नवऱ्याने बांगड्यासाठी आपला जीव घेतला. आणि मी तिला हे सांगून आलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. रिपोर्ट चांगला आला यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं.

“वहिनी,” मी म्हणालो.

“काय? चहा थंड होतोय.”

“त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला आलो, तो दादाचं नाव साफ करायला आलो नव्हतो.”

ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

“मला जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती. ते मला सहन होईना. ते ओझं मी उचलून तुमच्या अंगावर टाकलं आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. तुमचं काय होईल हा विचार मी केला नाही. करायचाच नव्हता. दादावरही ते शेकणार होतं, त्याचाही नाही. माझी चूक झाली वहिनी. मला माफ करा.”